सासरी चालेल अशी रायफल

सर, मी तुमच्यावर अजून रागावलेली आहे. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, माझ्या गुडघ्यांनी मला रेंजवर आडवं पडायला केव्हाच मनाई केली, पण राग काही निवृत्त व्हायला तयार नाही. आज सकाळी तो पुन्हा वर आला, म्हणून लिहायला बसले. झालं असं की रविवार म्हणून क्लबात गेले होते. हल्ली मी तिथे शिकवत नाही, नुसती बाकावर बसते आणि कुणी विचारलं तर मत देते; बहुतेक वेळा कुणी विचारत नाही. शेडखाली तिघं-चौघं तरुण मोबाईलमध्ये डोकी घालून रायफल निवडत होते. लांब पल्ल्याची, तीनशे मीटरची. कुठलं कॅलिबर, म्हणजे किती जाडीची नळी आणि गोळी, घ्यावं यावर महिनाभर त्यांचा खल चालला आहे म्हणे. एक म्हणतो साडेसहा मिलिमीटर, दुसरा म्हणतो थ्री-नॉट-एटच बरी, तिसरा कुठल्याशा परदेशी माणसाचा व्हिडिओ पुढे करतो. त्यांच्यातली एक मुलगी माझ्याकडे वळून म्हणाली, "मॅम, तुम्ही इतकी वर्षं पॉइंट टू-टूच का मारली? लाँग रेंज का नाही घेतलं? आय मीन, चॉइस होता ना तुम्हाला?" मी माझं नेहमीचं उत्तर दिलं. "होता. आमच्या सरांनी परस्पर बदलला." ती हळहळली, बाकीचे "सो अनफेअर" म्हणाले आणि पुन्हा मोबाईलमध्ये शिरले. मी घरी आले, चहा केला, आणि तो गार होईपर्यंत मनातल्या मनात तुमच्याशी भांडत बसले.

तुम्ही सुभेदार म्हणून निवृत्त झालात आणि कात्रजच्या बाजूला, टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या त्या पन्नास मीटरच्या रेंजवर शिकवायला लागलात. मी कॉलेजच्या एनसीसीतून तुमच्याकडे आले. पहिले दोन महिने तुम्ही मला रायफलीला हात लावू दिला नाहीत. गोणपाटावर पालथं झोपायचं, समोरच्या, वारा दाखवणाऱ्या निशाणांकडे बघायचं, आणि वहीत लिहायचं: वारा कुठून, किती, थांबला तर किती वेळ थांबला. "आधी वारा कागदावर, मग गोळी नळीत," असं तुमचं म्हणणं. गोणपाट मी घरूनच आणत असे, कारण वडील मार्केट यार्डात गुळाचे आडते होते आणि आमच्याकडे गोणपाटाला तोटा नव्हता. त्याला गुळाचा वास यायचा आणि मुंग्या लागायच्या. एकदा बस चुकली म्हणून मी दहा मिनिटं उशिरा पोचले, तर तुम्ही सगळ्यांसमोर घड्याळाकडे न बघता म्हणालात, "आलात आपण? बरं झालं. वारा खोळंबला होता." त्यानंतर मी कधी उशिरा आले नाही. तुमचं बोलणं असं टोचणारं असलं तरी त्यात मुलगा-मुलगी भेद नसायचा, आणि म्हणूनच मी तुमच्यावर इतका विश्वास टाकला. घरी, कॉलेजात, बसमध्ये, सगळीकडे मी आधी मुलगी होते. तुमच्याकडे मी फक्त वाईट किंवा बरी नेमबाज होते. निदान माझी तशी समजूत होती.

कॅलिबर म्हणजे काय, ते कसं निवडायचं, हे तुम्हीच मला शिकवलंत, तेही आमच्या स्वयंपाकघरात. राष्ट्रीय स्पर्धेत मला हवे तेवढे गुण मिळाले होते आणि त्या गुणांवर परदेशातून एक रायफल आणायची परवानगी मिळणार होती. एक. त्या काळात दुसरी मिळेल असं कुणी धरूनही चालत नसे. तुम्ही संध्याकाळी घरी आलात, आई पोळ्या करत होती, वडील अजून गाळ्यावरून यायचे होते. तुम्ही टेबलावरच्या डब्यातून एक सुपारी काढलीत आणि एक खारीक. म्हणालात, "दोन्ही सारख्याच जोराने फेकल्या, तर वारा कुणाला आधी ढकलेल?" सुपारी म्हणजे आखूड, जाड गोळी, खारीक म्हणजे लांब, सडपातळ. लांब गोळी वाऱ्याला कमी दाद देते आणि तीनशे मीटरवर सगळा खेळ वाऱ्याचा. मी हरखून गेले होते. पण लगेच तुम्ही दुसरी बाजूही सांगितलीत, कारण अर्धवट शिकवणं तुमच्या स्वभावात नव्हतं. "रायफल शेवटी निवडायची. आधी गोळी निवडायची. वर्षाला हजार गोळ्या सरावाला मिळतील अशी. कपाटात ठेवायला रायफल घेणारे पुष्कळ आहेत." थ्री-नॉट-एटच्या गोळ्या खटपट करून इथे मिळायच्या, पण तिचा धक्का खांद्याला जोरात बसायचा. साडेसहाची गोळी वाऱ्यात सरळ जायची, पण एकेक डबा बाहेरून मागवावा लागायचा. आपण दोघांनी पंधरा दिवस यावर वाद घातला. मी साडेसहाच्या बाजूने वहीची आठ पानं भरली. वारा, गोळीचं वजन, नळी किती टिकते, सगळं. धक्का कमी बसतो हे मी अगदी शेवटी, सहज आठवल्यासारखं लिहिलं होतं. तुम्ही सगळं वाचलंत, चष्मा काढलात आणि म्हणालात, "ठीक आहे. तुझी रायफल, तुझं कॅलिबर. फॉर्म मी टाइप करतो." पॉइंट टू-टूचं त्या पंधरा दिवसांत नावही निघालं नव्हतं. कशाला निघेल? टू-टू पन्नास मीटरची, आणि क्लबात होत्याच की टू-टूच्या तीन-तीन रायफली.

फॉर्म जाईपर्यंत तीनशे मीटरवर मी फक्त दोन रविवार गेले होते. लष्कराची रेंज, महिन्यातून एकदा आम्हा नागरिकांना परवानगी, आणि तुमच्या ओळखीतून मिळालेली एक जुनी थ्री-नॉट-एट. पहिल्या रविवारचं मला अजून सगळं दिसतं. पन्नास मीटरवर गोळी सुटली की भोक लगेच दुर्बिणीत दिसतं, चूक असेल तर तत्काळ तोंडात मारल्यासारखी कळते. तीनशेवर तसं नाही. गोळी जाते, आवाज समोरच्या डोंगरावर आपटून परत येतो, आणि मग आपण नुसते पडून राहतो. खाली खंदकात बसलेला जवान टार्गेट उतरवतो, बघतो, पुन्हा वर चढवतो आणि काठीवरची चकती जिथे गोळी लागली तिथे टेकवतो. त्या मधल्या वेळाइतका लांब वेळ मी दुसरीकडे कुठे काढलेला नाही, बोहल्यावरसुद्धा नाही. माझी चौथी गोळी मध्यावर लागली. चकती काळ्या वर्तुळाच्या बरोबर मध्ये येऊन थांबली आणि तुम्ही मागून म्हणालात, "हं. वारा कळला वाटतं." तुमच्या तोंडची ती एवढी मोठी शाबासकी ऐकून मी घरी येईपर्यंत बसमध्ये उभीच होते, जागा रिकामी असूनही.

आणि मग सहा-सात महिन्यांनी खोका आला. आमच्या बाहेरच्या खोलीत तुम्ही, वडील, आई, शेजारचे दोघं, सगळे जमलेले. वडिलांनी यार्डातून येताना पेढे आणलेले. तुम्ही पटाशीने फळ्या काढल्यात, मेणकागद सोडवलात, आणि आतून निघाली पॉइंट टू-टू. सुरेख होती, ते मी नाकारत नाही. अक्रोडाचा दस्ता, इतका गुळगुळीत ट्रिगर की बोट ठेवायची भीती वाटावी. वडील म्हणाले, "नळी बारीक दिसते हो." मी सगळ्यांसमोर ओरडले. म्हणाले, मला न विचारता माझं कॅलिबर बदललं, माझी एकुलती एक परवानगी वाया घालवली, आठ पानं वाचून मान डोलावली आणि मागून हे केलं. शेजारी पेढा हातात धरून उभे राहिले. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग मेणकागदाची घडी करत एवढंच म्हणालात, "रायफल चांगली आहे. आधी मार, मग बोल." आणि चहा न घेता गेलात.

कारण मला आईने सांगितलं, दुसऱ्या दिवशी, भाजी निवडता निवडता, अगदी साध्या आवाजात, जणू काही साखर संपली आहे असं सांगावं तसं. "अगं, सर ह्यांच्याशी बोलायला गाळ्यावर गेले होते. म्हणाले, मुलीचं लग्न होणार. सासर नागपूरला असेल, नाशकाला असेल, कुठे असेल कोण जाणे. तीनशे मीटरची रेंज कुठे मिळणार तिला? टू-टूची रेंज कुठल्याही शहरात असते. मग ह्यांनाही पटलं." मी आईला विचारलं, "आणि तुला?" ती म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं. पण विचार केला त्यांनी तुझा." विचार केला. सर, ज्या माणसाचं तोंडही मी पाहिलं नव्हतं, ज्याचं अजून स्थळही आलेलं नव्हतं, त्याच्या गावात कुठली रेंज असेल याचा अंदाज बांधून तुम्ही माझ्या रायफलीची नळी ठरवलीत. वाऱ्याचा अंदाज बांधायला दोन महिने गोणपाटावर पालथं झोपायला लावणारे तुम्ही. मुलांच्या बाबतीत कधी ऐकलं नाही मी, की याची बदली कुठे होईल, याची बायको काय म्हणेल, म्हणून याला बारीक नळीची द्या. माझ्यानंतर वर्षभराने एकाने परवानगीवर थ्री-नॉट-एट आणली. तो बँकेत होता, त्याची बदली तर नक्कीच होणार होती. झालीही. तुम्ही त्याला साधं विचारलंही नाहीत.

आणि माझं सासर कुठलं निघालं, ते तुम्हाला माहीतच आहे. तुम्ही लग्नाला आला होतात, पहिल्या पंगतीला बसला होतात. इथलंच, पुण्याजवळचं मांजरी गाव. नवऱ्याची उसाची शेती आणि तिथेच संशोधन संस्थेत नोकरी. ती लष्कराची रेंज माझ्या माहेरापासून दोन बसवर होती, सासरपासून स्कूटरवर वीस मिनिटांवर. वारा त्या बाजूचा असला तर रविवारी सकाळी अंगणात उभं राहून मला तीनशे मीटरच्या फैरी ऐकू यायच्या. सासूबाई म्हणायच्या, "आज मिल्ट्रीवाल्यांचं चाललं हाय." नवऱ्याला मी एकदा सगळी हकीकत सांगितली तर तो इतका हसला की त्याला ठसका लागला. म्हणाला, "म्हणजे माझ्यामुळे तुझी रायफल बारीक झाली म्हण की." मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. त्याची चूक नव्हती, पण तुम्ही हाताशी नव्हतात. तुमच्या त्या टू-टूवर मी पुढे चौदा वर्षं मारलं. पदकं आली, राज्याच्या संघात गेले, पेपरात दोनदा फोटो आला. लोक म्हणतात, बघा, सरांचं बरोबर होतं. नाही. रायफल चांगली होती आणि तुमचं चूक होतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, पण हे लोकांना समजावून सांगता सांगता माझं तोंड दुखलं.

आता मी जे लिहिणार आहे त्याने माझा राग कमी होत नाही, उलट वाढतो. दुसरा रविवार. तीनशे मीटरवरचा माझा दुसरा आणि शेवटचा. पहिल्या रविवारी खांदा इतका सुजला होता की आठवडाभर मला वेणी घालता येत नव्हती. आईला मी बसमध्ये आपटला असं सांगितलं. तर दुसऱ्या रविवारी गोळ्या तुम्ही स्वतः भरून दिल्यात. असं तुम्ही का करायचात ते क्लबात सगळ्यांना माहीत होतं. एखाद्या मुलाच्या मनात धक्क्याची भीती बसली, तो ट्रिगर ओढायच्या आधीच डोळे मिटायला लागला, की तुम्ही खऱ्या गोळ्यांमध्ये गुपचूप एक नकली काडतूस सरकवायचात. ती पाळी आली की नुसता टक् असा आवाज होतो, धक्का बसत नाही, पण घाबरलेल्याची नळी तरीही खाली जाते. सगळ्यांना दिसतं. मुलं हसायची आणि तुम्ही विचारायचात, "काय, साप दिसला?" मग त्या मुलाला महिनाभर, रोज, खरी-खोटी मिसळून मारायला लावायचात, डोळा उघडा राहीपर्यंत. तो बँकेतला मुलगा तर पाच आठवडे तुमच्या तावडीत होता आणि शेवटी त्याची दचक मोडली. माझ्या तिसऱ्या गोळीला टक् झालं. माझी नळी वीतभर खाली गेली आणि माझे दोन्ही डोळे घट्ट मिटलेले होते. शेजारी फैरी चालू होत्या, कुणी पाहिलं नाही. तुम्ही पाहिलंत. तुम्ही वाकून माझ्या हातातून रायफल घेतलीत आणि म्हणालात, "राहू दे. आज वारा फार आहे." सर, निशाणं काठीला चिकटून लोंबत होती. पान हलत नव्हतं.

तेव्हा विचारायचं होतंत मला, काय, साप दिसला? मी ओशाळले असते, रडले असते, पण मग महिनाभर माझ्याही गोळ्यांत नकली मिसळली असतीत तर माझीही दचक गेली असती. मुलांची भीती तुम्ही मोडून काढलीत, माझी मात्र जपून ठेवलीत. सुजलेल्या खांद्याची, मिटलेल्या डोळ्यांची गोष्ट वडिलांना सांगायची नव्हती म्हणून तुम्ही त्यांच्यापुढे सासर काढलंत का? तसं असेल तर ती सभ्यता होती हे मला कळतं. पण मला सभ्यता नको होती, मला शिकवायला हवं होतं. आणि तसं नसेल, खरोखरच तुमच्या डोक्यात नागपूर-नाशिक असेल, तर मग बोलायलाच नको. यातलं कुठलं खरं हे विचारायला मी तुमच्याकडे कधीच आले नाही. तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा भेटायला आले, मोसंबी आणली, हवापाण्यावर बोलले आणि गेले. विचारायला वेळ होता. मीच विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तुम्हीही मला एक प्रश्न विचारला असतात.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही हे उघड आहे. पण तुम्ही असतात तरी मी ते पेटीत टाकलं नसतं, ते आता जे लिहिते आहे त्यामुळे. दुसऱ्या रविवारनंतर चार दिवसांनी तुम्ही मला क्लबात बोलावून टाइप केलेला फॉर्म पुढे ठेवलात. तीन प्रती. कॅलिबरच्या रकान्यात टाइप केलेलं साडेसहा शाईने खोडलेलं होतं आणि वर तुमच्या अक्षरात पॉइंट टू-टू. सरकारी कागदावर खाडाखोड असली की शेजारी अर्जदाराची छोटी सही लागते, नाहीतर कागद परत येतो. तुम्ही पेन दिलंत, म्हणालात, "वाचून सही कर," आणि पाणी प्यायला म्हणून लांबच्या नळावर गेलात. बराच वेळ आला नाहीत. मी वाचलं. पहिल्या प्रतीवर माझा हात थोडा थांबला. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रतीवर थांबला नाही. मला फार हायसं वाटलं होतं, सर.